एका फोटोत दोन औंढे

दोस्तांनो, तुमच्या घरी माळ्यावर एखादी जुनी पत्र्याची पेटी आहे का? असली तर या रविवारी आईबाबांना विचारून ती खाली काढा. धूळ झटका. आत काय काय निघेल सांगता येत नाही! हिंगोलीला माझ्या बहिणीकडे अशीच एक पेटी निघाली. त्यात होते पितळेचे दोन अडकित्ते, एक बंद पडलेलं घड्याळ आणि चामड्याच्या पाकिटात गुंडाळून ठेवलेला एक काळा कॅमेरा. माझी भाची आठवीत आहे. तिच्या आजोबांचा तो कॅमेरा.

"मामा, याला स्क्रीनच नाही!" तिने कॅमेरा उलटा करून पाहिला.

स्क्रीन कुठून असणार? तो होता आगफा क्लिक थ्री. तुमच्या आजोबा-आजींना हे नाव सांगून पाहा, त्यांचे डोळे चमकतील. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कारखान्यात हा कॅमेरा तयार होत असे. त्या काळी असंख्य मध्यमवर्गीय घरांतला तो पहिला कॅमेरा. त्यात एकच साधं भिंग. सेल नाही, फ्लॅश नाही. एक कळ दाबायची, 'खट्' असा आवाज येतो आणि झाला फोटो. एका रोलवर बरोबर बारा फोटो. तेरावा नाही!

पण या साध्या कॅमेऱ्यात एक गंमत दडलेली आहे. फोटो काढल्यावर फिल्म आपोआप पुढे सरकत नाही. बाजूची चकती आपणच फिरवायची. मागे लाल काचेची छोटीशी खिडकी असते, तिच्यात पुढचा आकडा दिसला की थांबायचं. आणि चकती फिरवायला विसरलो तर? कॅमेरा काही ओरडत नाही. पुन्हा कळ दाबली की पहिल्या फोटोवरच दुसरा फोटो! पूर्वी अशाने कित्येक बारशी आणि लग्नं एकमेकांत मिसळली आणि मोठ्यांची बोलणी खावी लागली.

मी भाचीला म्हटलं, "ही चूक आपण मुद्दाम करायची. एकाच फोटोत दोन चित्रं. जाऊ या औंढ्याला!"

आता तुम्ही विचाराल, औंढाच का? सांगतो.

हिंगोली जिल्हा तसा तरुण आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून तो वेगळा झाला. पण त्यातली गावं फार जुनी. संत नामदेवांचं नाव लावणारं नर्सी याच जिल्ह्यात, आणि हिंगोलीपासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेलं औंढा नागनाथही इथलंच. फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही एसटीत बसलो. वाटेत खळ्यांवर शिजवलेली हळद वाळत घातली होती. खिडकीतून तो वास आत येत होता. हळद हे या भागाचं मोठं पीक. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

एसटीत भाचीने विचारलं, "मामा, ही एकावर एक फोटोची युक्ती तू शोधलीस का?"

मी कसला शोधतोय! ती फोटोग्राफीइतकीच जुनी म्हणायला हवी. आपल्याकडे या युक्त्यांचे उस्ताद म्हणजे दादासाहेब फाळके. त्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरचा. गंमत पाहा, आमचा कॅमेरा ज्या बडोद्यात बनला, त्याच बडोद्याच्या कलाभवनात फाळके फोटोग्राफी शिकले. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर पाहिलं तर मिनिटा-दोन मिनिटांत बी रुजून वेल वर चढतेय! पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट केला. त्यांच्या चित्रपटांत देव अचानक प्रकट होतात, अदृश्य होतात. तेव्हा कॉम्प्युटर कुठला? सगळी करामत कॅमेऱ्याची, आणि एकाच फिल्मवर पुन्हा पुन्हा चित्र घेण्याची.

औंढा आलं. नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानलं जातं. मूळ पिंड खाली तळघरासारख्या गाभाऱ्यात आहे, अरुंद पायऱ्या उतरून जावं लागतं. आत फोटो काढायचा नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. दर्शन घेतलं, आवारात कुठे फोटो चालतील ते विचारून घेतलं आणि देवळाभोवती एक फेरी मारली.

तुम्ही कधी गेलात तर एक गोष्ट जरूर पाहा. देवळाचा खालचा भाग काळ्या दगडाचा. त्यावर मूर्तींच्या आणि नक्षीच्या रांगा. हे काम यादवांच्या काळातलं, म्हणजे साधारण तेराव्या शतकातलं. नजर वर न्या. दगड एकदम संपतो आणि विटा-चुन्याचं उजळ शिखर सुरू होतं. वरचा भाग नंतर बांधलेला. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला असं सांगतात. म्हणजे खाली एक काळ आणि त्याच्यावर दुसरा काळ. भाची म्हणाली, "मामा, हे देऊळच एकावर एक काढलेल्या फोटोसारखं आहे!" आता कळलं ना, मी औंढ्याचं नाव का घेतलं?

इथली एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. नामदेव देवळापुढे कीर्तन करत होते. त्यांना सांगितलं, इथे नको, मागे जा. ते निमूटपणे मागच्या बाजूला गेले आणि गाऊ लागले. तर देऊळच फिरलं आणि त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं! नंदी मात्र जागेवरच राहिला, म्हणून तो आजही देवळाच्या मागच्या बाजूला आहे, असं लोक सांगतात.

"आपणही देऊळ फिरवू या," भाची म्हणाली. कल्पना झकास होती. एक फोटो कॅमेरा सरळ धरून काढायचा. चकती फिरवायची नाही. मग कॅमेरा उलटा धरून त्याच देवळाचा दुसरा फोटो. एक शिखर वर, एक शिखर खाली, पत्त्यांतल्या राजासारखं! आम्ही तसे तीन फोटो काढले. प्रत्येक खट् झाल्यावर भाची वहीत लिहायची : 'नंबर १, सरळ. नंबर १, उलटा. चकती फिरवली.'

प्रत्येक वेळी ती कॅमेऱ्याची पाठ बघायची आणि जीभ चावायची. सवय ना मोबाइलची! मी म्हटलं, "आता तीन आठवडे थांबायचं. रोल पुण्याला धुवायला पाठवू."

"तीन आठवडे?"

"पूर्वी असंच असायचं."

दोस्तांनो, तीन आठवड्यांनी काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. ते तिन्ही फोटो साफ फसले. नुसता पांढुरका ढग आणि त्यात कुठे दगडाची पुसट रेघ!

असं का झालं? फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. जिथे प्रकाश पडतो तिथे त्या क्षारांत बदल होतो, आणि रसायनात धुतल्यावर तिथे चांदीचे काळे कण तयार होतात. म्हणून निगेटिव्हवर आभाळ काळं दिसतं. कागदावर छापताना हे उलटं होतं आणि आभाळ पुन्हा पांढरं होतं. जिथे प्रकाश पडलाच नाही, ती जागा कोरी राहते. एक सोपं सूत्र पाठ करून ठेवा : फोटोतली काळी जागा म्हणजे रिकामी पाटी, आणि पांढरी जागा म्हणजे भरलेली पाटी. भरलेल्या पाटीवर दुसरं काही लिहिलं तर वाचता येईल का? आमच्या फोटोत पहिल्या देवळाचं आभाळ नेमकं दुसऱ्या देवळावर आलं आणि दुसऱ्याचं पहिल्यावर. दोन्ही आभाळांनी दोन्ही देवळं खाऊन टाकली.

चौथा फोटो मात्र जमला. तो असा. ऊन उतरायला लागलं होतं. भाची एका उंच ओट्यावर उभी राहिली. मी खाली बसून कॅमेरा वर धरला. तिच्या मागे सगळं उजळ आभाळ, त्यामुळे ती नुसती सावलीसारखी काळी दिसत होती. खट्! चकती फिरवली नाही. मग देवळाच्या भिंतीसमोर जाऊन मूर्तींच्या रांगेवर कॅमेरा रोखला. खट्! आता सूत्र आठवा. आभाळाची पाटी भरलेली, तिथे मूर्ती उमटणार नाहीत. भाचीची काळी आकृती मात्र कोरी पाटी. फोटोत काय आलं असेल? पांढऱ्या आभाळावर दोन वेण्यांच्या मुलीची आकृती, आणि तिच्या आत डोक्यापासून पायापर्यंत औंढ्याच्या दगडी मूर्ती! बाराशेच्या शतकातलं औंढं आणि आजचं औंढं, एकाच चौकोनात. तो फोटो आता तिच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे.

तर परत त्या संध्याकाळी येऊ. हाच प्रयोग आम्ही वेगवेगळ्या तऱ्हेने आणखी सहा वेळा केला. मग उसाचा रस प्यायला बसलो. तिथेच घोटाळा झाला. वही पिशवीत गेली आणि रसाच्या आनंदात आम्ही ती पुन्हा काढलीच नाही. त्यानंतरही हिंडता हिंडता फोटो काढणं चालूच होतं.

वाटेत बेल आणि फुलं विकणाऱ्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी कॅमेरा पाहिला आणि हाक मारली, "बाबा, ह्यो जुना डबा हाय ना? ह्यातून कागदावर फोटू येतो ना? माझा एक काढ की."

भाची पटकन म्हणाली, "आजी, मोबाइलवर काढू का? लगेच दिसेल."

आजी हसल्या. "मोबाइलात लय लोकं काढतेत माय माझा फोटू. काढतेत अन् जातेत. हातात कुणी देत नाही."

मी लाल खिडकीत पाहिलं. आकडा १२. म्हणजे शेवटची चौकट. पण ती कोरी होती की नाही? मी म्हणालो, शिखराचा साधा फोटो आपण अकरावर काढला. भाची म्हणाली, नाही मामा, बारावर काढला. वहीत पाहिलं तर दहापर्यंतच लिहिलेलं! काय करायचं? चकती फिरवली तर फिल्मच संपणार. नाही फिरवली आणि बारावर आधीच शिखर असलं तर आजी शिखरावर जाणार. आजींनी तोवर पदर नीट केला होता, समोरची फुलं सारखी केली होती, आणि ताठ बसून त्या थेट कॅमेऱ्याकडे बघत होत्या. "नाही" म्हणवेना. या कॅमेऱ्याला फार जवळचं नीट दिसत नाही, म्हणून मी आठ-दहा फूट मागे सरकलो. खट्!

तीन आठवड्यांनी रोल धुऊन, फोटो छापून आले. भाचीचं बरोबर होतं. बारावर शिखर होतं.

आजींच्या पायाशी असलेली फुलांची टोपली आली होती. साडीचा काठ आला होता, कारण तिथे खाली देवळाचा काळा दगड होता. पण आजींचा चेहरा आला होता नेमका त्या उजळ शिखरावर. भरलेली पाटी! चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड होता. खरं सांगू? मला तो फोटो फार आवडला. फुलांमागून देऊळच उगवल्यासारखं दिसत होतं. तो पाकिटात घालून मी औंढ्याला गेलो. वाटलं, आजी खूश होतील.

आजींनी फोटो हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. उलटा करून पाहिला. मग मला विचारलं, "ह्यात मी कुठं हाय रं बाबा?"

मी समजावू लागलो. दोन फोटो एकावर एक, प्रकाश, चौकट... बोलता बोलता माझं मलाच हसू आलं आणि मग लाज वाटली. आजींनी गंमत मागितलीच नव्हती. त्यांना त्यांचा चेहरा हवा होता. इतक्या लोकांनी त्यांचा फोटो नेला, आणि मी निदान आणून तरी दिला, पण त्यातून त्या स्वतःच गेल्या होत्या!

त्या दिवशी मी नवा रोल बरोबर नेला होता. सावलीत बसून तो भरला. लाल खिडकीत १ आला. वहीत आधी लिहिलं : 'नंबर १, आजी, साधा.' मग फोटो काढला. लगेच चकती फिरवली. पुन्हा काढला, पुन्हा फिरवली. एक आजींसाठी आणि एक चुकला तर असावा म्हणून. बाकीचे दहा फोटो काढून रोल पुण्याला गेला, परत आला आणि फोटो आजींच्या हातात पडला तेव्हा उन्हाळा लागला होता. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. काही बोलल्या नाहीत. पदराने पुसला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पैशांच्या पिशवीत ठेवला. मग भाचीच्या हातावर एक गुलाबाचं फूल ठेवलं.

परतीच्या एसटीची वाट पाहताना भाचीने विचारलं, "मामा, ते लायगो औंढ्यातच होतंय ना? सर सांगत होते."

होय दोस्तांनो! औंढा तालुक्यातच, दुधाळा गावाजवळ, 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. आणि तिथेही खेळ प्रकाशावर प्रकाश टाकण्याचाच आहे! काटकोनात दोन लांबच लांब नळ्या, प्रत्येकी ४ किलोमीटरची. लेसरचा एक झोत दोन भागांत विभागून दोन्ही नळ्यांत सोडायचा. टोकाच्या आरशांवरून परत आल्यावर ते दोन झोत एकमेकांवर घालायचे. आपल्या फिल्मवर प्रकाशात प्रकाश मिळवला की जास्त प्रकाश होतो. इथे उलट! प्रकाश लहरींचा असतो. एका लहरीचा चढ दुसरीच्या उतारावर बरोबर बसवला तर दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात आणि अंधार होतो. दूर अवकाशात दोन कृष्णविवरं आदळली की गुरुत्वीय लहर उठते. ती इथून गेली की नळ्यांची लांबी अगदी किंचित बदलते, प्रोटॉनच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तेवढ्याने लहरींचा मेळ बिघडतो आणि उजेड लुकलुकतो. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा ही लहर पकडली. ती निघाली होती सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी!

"आणि तिथले लोक वहीत लिहायला विसरले तर?" भाचीने विचारलं.

मी काही बोललो नाही. तिनेच पिशवीतून वही काढली आणि त्या दिवसाचे राहिलेले आकडे भरायला लागली.

करून पाहा

१. घरात जुना रोलचा कॅमेरा असेल तर आधी मोठ्यांना विचारा. आत जुना रोल आहे का, हे उघडून पाहू नका! उजेड लागला तर त्यावरचे फोटो जातील. जाणकाराकडे न्या.

२. १२० नंबरचा कृष्णधवल रोल आजही मिळतो, पण महाग असतो. म्हणून आधी काय काढायचं ते कागदावर रेखाटून घ्या. बारा चौकोन काढा आणि भरा.

३. रोल नेहमी सावलीत भरा आणि सावलीतच काढा. काढताना तो सैल पडू देऊ नका, लगेच कागदी पट्टी चिकटवा.

४. दुहेरी फोटोसाठी पहिलं चित्र असं निवडा, की त्यात मोठी काळी जागा असेल. दुसरं चित्र त्या काळ्या जागेत बसवा. सूर्याकडे कॅमेऱ्यातून थेट पाहू नका.

५. प्रत्येक खट् नंतर वहीत नोंद करा. रस प्यायच्या आधी!

६. कॅमेरा नाही? हरकत नाही. रात्री खोलीत अंधार करा. पांढऱ्या भिंतीवर एका टॉर्चचा उजेड पाडा आणि मध्ये हात धरून हाताची सावली पाडा. दुसऱ्या टॉर्चसमोर जाळीची गाळणी धरा आणि तिचा उजेड त्याच जागी टाका. गाळणीची जाळी हाताच्या सावलीत स्पष्ट दिसेल, पण उजेडात पुसट होईल. माझ्या भाचीच्या आकृतीत मूर्ती आल्या, त्या अशाच.

७. आणि कुणी आपला फोटो काढायला सांगितलं, तर आधी साधा काढा. चकती फिरवा. छापून द्यायला विसरू नका. गंमत त्यानंतर!